ताटाची डाय आणि गप्प माणसं

१

शनिवारी सकाळी भगीरथ फिटरने प्रेसजवळची ताडपत्री उचलली आणि त्याच्या तोंडून शिवी निघाली. ताडपत्रीखाली ट्रॉली होती. ट्रॉलीवर डाय नव्हती.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत वल्लभशेठचा स्टीलची ताटं बनवण्याचा कारखाना होता. गोल पत्रा प्रेसमध्ये ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, वरचा ठोकळा खाली आदळला की पत्र्याचं ताट. ज्या पोलादी साच्यावर तो आदळायचा, ती डाय. परातीएवढी रुंद आणि एका माणसाला उचलता उचलता कंबर धरायला लावणारी. गुरुवारी संध्याकाळी ती सफाईसाठी उतरवून ट्रॉलीवर ठेवली होती. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. शनिवारी ती नाहीशी झालेली, आणि लग्नसराईची मोठी ऑर्डर डोक्यावर.

वल्लभशेठ कल्याणहून गाडीने आले, तेव्हा सगळा कारखाना ट्रॉलीभोवती गोल उभा होता.

"कोणी नेली?"

भगीरथ ताडपत्रीची घडी घालू लागला.

"अरे, पेन आहे का ती, खिशात घालून न्यायला? कोणीतरी पाहिलं असेल!"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. शेठ गेटवर गेले. तिथे महिपत वॉचमन उभा होता, वैशाखऱ्याचा, कारखान्याचा पाया खणला तेव्हापासून कामावर असलेला. गेटला लागून असलेल्या खोलीत तो आणि त्याची मुलगी कविता राहायचे. कविता दहावीला होती आणि महिन्याभरावर तिची बोर्डाची परीक्षा होती. वैशाखऱ्याहून रोज मुरबाडच्या शाळेत येणं तिला जमणारं नव्हतं, म्हणून ही खोली.

"महिपत, काल तू झोपला होतास."

"नाय शेठ."

"मग डाय उडून गेली? सोमवारी संध्याकाळपर्यंत डाय मिळाली नाही तर खोली रिकामी कर. पोलिसांचं नंतर बघतो."

महिपतने मान हलवली. खोलीच्या दारात कविता पुस्तक छातीशी धरून उभी होती. तिनेही ते ऐकलं.

मग शेठची नजर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या दिपाली विशेवर गेली. ही शहापूरची मुलगी. विद्यापीठासाठी प्रबंध लिहीत होती आणि काही आठवडे रोज एसटीने कारखान्यात येऊन बसत होती. कामाच्या ठिकाणी माणसं कधी बोलतात आणि कधी गप्प बसतात, हा तिचा विषय. शेठनी तिला परवानगी दिली ती मोठ्या अभिमानाने. 'या की! आमच्याकडे कोणाची काही तक्रारच नाही,' असं म्हणून त्यांनी तिला दाराशी टांगलेली सूचनापेटी उघडून दाखवली होती. पेटीत तंबाखूची एक रिकामी पुडी होती.

"दिपालीबाई," शेठ म्हणाले, "गप्प बसण्याचा अभ्यास करता ना तुम्ही? बघा, अख्खा कारखाना गप्प बसलाय. करा अभ्यास!"

२

दिपालीने सुरुवात महिपतपासून केली.

"काका, शुक्रवारी आत कोण आलं होतं?"

महिपतने विडी विझवली, पुन्हा पेटवली. "परका मानूस एक नाय आला, बाय. देवाशप्पत."

"आणि गेटातून बाहेर काही गेलं?"

"बाहेर काडी नाय गेली. गेट मी सोडलंच नाय."

"मग हे शेठना नीट सांगा की."

"सांगितलं ना. झोपलो नाय म्हनून." एवढं बोलून तो उठला आणि नसलेली गाडी आत घ्यायला गेट उघडू लागला.

भगीरथ स्पॅनर पुसत होता. ओव्हरटाइमवरून त्याचं शेठशी भांडण झालेलं सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे संशयाचा पहिला मान आपला, हे त्याने गृहीत धरलं होतं.

"मला इचारता? माझा आवाज ऐकलाय ना तुमी? मी चोरली असती तर आधी बोंब मारली असती, आन् मग चोरली असती."

"मग कोणी नेली?"

त्याने नकळत पॉलिश खात्याकडे पाहिलं, जिथे बायका बसायच्या. मग घाईने नजर स्पॅनरवर आणली. "मला काय ठावं."

पॉलिश खात्याची म्होरकी ठमी. ठाकरवाडीची, पन्नाशीची, काटक. तिच्या हाताखाली सात-आठ बायका आणि प्रेसवर पत्रे लावणारी तिची सून सावळी.

"ठमीमावशी, डाय कुठे गेली असेल?"

"नाय बाय, आमी अडानी मानसं. आमाला काय समजतंय. सगलं बराबर हाय."

"डाय नाहीये, मावशी. बरोबर कसं असेल?"

"त्ये सोडून सगलं बराबर हाय," ठमी म्हणाली आणि सगळ्या बायका पदराआड हसल्या.

दिपालीला या हसण्याचं नवल वाटलं. डाय नाही म्हणजे काम नाही, आणि रोजंदारीवरच्या बायकांना काम नाही म्हणजे मजुरी नाही. तरी हसतायत.

शेवटचा शाम देसले. सुपरवायझर, धसईचा, आयटीआय शिकलेला. डिझेलचे डबे, रंगाचं कपाट, हातगाडी, सगळ्याच्या किल्ल्या त्याच्या कमरेला. त्याने दिपालीसाठी चहा मागवला, तो आला तेव्हा स्वतःच पिऊन टाकला, आणि मग "एक मिनिट हं, शेठशी जरा बोलायचंय," म्हणत केबिनमध्ये गेला.

तो मिनिटाभरातच परत आला.

"बोललात?"

"हो. झाडू संपलेत, ते सांगितलं."

हातात कोणी डाय दिली असती तरी पडली असती, इतके त्याचे तळवे घामेजले होते.

३

रविवारी सकाळी दिपाली लवकर आली. आवाराच्या कडेला, भंगाराच्या ढिगाजवळ, जुना उंबर होता. त्याच्या बुंध्याशी शेंदूर फासलेले दगड ओळीने मांडलेले. कारखान्याच्या आधीपासूनचे हे वाडीचे देव. वसाहत झाली तेव्हा कुंपण घालणाऱ्यांनी ते बाहेर हलवायचं ठरवलं होतं. पण दगडाला हात लावायला कोणी मजूर तयार होईना, म्हणून देव कुंपणाच्या आतच राहिले.

बायका रोज कामाला येताना रानातून पळसाची फुलं आणायच्या आणि एकेका दगडावर ठेवून पुढे जायच्या. आजही ठेवून गेल्या होत्या. दिपाली बघत उभी होती, तेवढ्यात मागे गाडी थांबली.

वल्लभशेठ चपला काढून आले. त्यांनी डोळे मिटले, ओळीच्या टोकाच्या सगळ्यात मोठ्या, सगळ्यात लालभडक दगडासमोर गुडघे टेकले आणि मोठ्याने म्हणाले, "देवा, माझी डाय मिळू दे. पाच नारळ फोडीन. इथेच, तुझ्या डोक्यावर!"

पॉलिश खात्याच्या खिडकीतून फिस्स असा आवाज आला. मग दुसरा. मग कोणीतरी कोणाचं तरी तोंड दाबल्याचा.

"श्रद्धेला हसतात," शेठ कपडे झटकत म्हणाले. "तुमच्या प्रबंधात लिहा हे."

ते गेल्यावर दिपालीने ओळीकडे नीट पाहिलं. लहान-मोठ्या प्रत्येक दगडावर पळसाचं फूल होतं. शेठनी ज्याच्यासमोर गुडघे टेकले त्या मोठ्या दगडावर मात्र एकही नव्हतं.

ती वाकली. बाकीच्या दगडांवर वर्षानुवर्षांच्या शेंदराची जाड साय होती. या दगडावरचा रंग पातळ होता, सपाट होता. तिने बोट लावलं आणि बोटाचा वास घेतला. त्याला तेलाचा नाही, टर्पेंटाइनचा वास होता.

हा शेंदूर नव्हता. गेटला गंज लागू नये म्हणून लावतात तो रेड ऑक्साइड होता.

तिने नाण्याने हळूच टोकरलं. खालून पोलाद चमकलं.

४

डाय सापडली होती. आता धावत केबिनमध्ये जायचं आणि शेठना सांगायचं, एवढंच राहिलं होतं. दिपालीने दोन पावलं टाकलीही, आणि थांबली.

सांगून काय होणार होतं? देवांच्या ओळीत डाय ठेवली म्हणजे वाडीच्या बायकांनी ठेवली, असं शेठ म्हणणार. ठमी बाहेर. वॉचमनने बघितलं नाही म्हणून महिपतही बाहेर. आणि कोणी, का, हे कोणालाच कळणार नाही.

पण बायकांनी ठेवली असती, तर त्यांनी सोंग पुरतं वठवण्यासाठी तिच्यावरही फूल ठेवलं असतं. त्यांनी ते ठेवलं नाही. शेठसमोर त्या गप्प बसत होत्या, पण देवासमोर खोटं वागायला तयार नव्हत्या. म्हणजे ही डाय आहे हे त्यांनी ओळखलं होतं. रोज पुसायची वस्तू, रंग फासला म्हणून काय झालं? ठेवणारा मात्र दुसराच.

दिपाली आपल्या स्टुलावर जाऊन बसली आणि आठवू लागली.

गेले कित्येक दिवस ठमी प्रेसजवळच्या बोक्याला बोलत होती. कारखान्यात एक पिवळा बोका होता आणि शाम देसले फेरीवर आला की ठमीला हटकून बोक्याचा राग यायचा. "मेल्या, एकदा पाय दिला तर एकदाच उडी मार ना! दुसरी उडी कोनी सांगितली रं तुला? कुनाची बोटं खाशील तवा समजल का?" दिपाली हे ऐकून हसायची. एकदा तिने बोका बघायला मान वळवली, तर बोका तिथे नव्हता. तो बाहेर कँटीनच्या पायरीवर झोपला होता आणि ठमी रिकाम्या जागेला शिव्या देत होती. म्हातारीची सवय, म्हणून दिपालीने तेही सोडून दिलं होतं.

आणि काल, शनिवारी? काल सकाळी भोंगा झाल्यावर शामची फेरी झाली. बोका प्रेसच्या टेबलावर पाय पसरून झोपला होता. ठमी त्याला काहीही बोलली नाही. उलट शामला म्हणाली, "भाऊ, ताक घेता का?" भगीरथने ताडपत्री उचलली ती त्याच्या नंतर.

म्हणजे डाय गेल्याचं कारखान्याला कळायच्या आधीच ठमीचा राग गेला होता. कामाला येताना उंबराखाली फुलं ठेवतानाच तिने डाय ओळखली असणार.

दिपाली भगीरथकडे गेली. "भाऊ, ही प्रेस कधीकधी दोनदा पडते ना?"

भगीरथच्या हातातला स्पॅनर खाली पडला. "तुमाला कोनी सांगितलं?"

"बोक्याने."

तो खो खो हसला आणि मग इकडेतिकडे बघून बोलू लागला. प्रेसचा क्लच झिजला होता. एकदा पेडल दाबलं की ठोकळा कधीकधी आपोआप दुसऱ्यांदा यायचा, नेमका ताट काढायला हात आत असताना. मागच्या आठवड्यात सावळीची बांगडी फुटली, हात थोडक्यात राहिला. शेठना थेट सांगायची कोणाची छाती नव्हती. मागे एका वेल्डरने सांगायचं धाडस केलं होतं, दुसऱ्या दिवशी त्याचं हजेरीचं कार्ड बंद झालं.

"मला वाटलं ठमीमावशीनंच डाय लपवली," भगीरथ म्हणाला. "म्हनून मी गप. चांगलंच केलं तिनं."

"तिने नाही लपवली," दिपाली म्हणाली. "पण ज्याला ती सांगत होती, त्याने ऐकलं."

५

सोमवारी दुपारच्या सुट्टीत तिने ठमीलाच गाठलं.

"मावशी, शामभाऊंना सरळ का नाही सांगितलं?"

ठमीने भाकरीचा तुकडा मोडला. "आमच्यात वडील मानसाला, मोठ्या मानसाला तोंडावर नाय बोलत, बाय. सासऱ्याला काय सांगायचं असलं तर कोंबडीला सांगायचं. सासरा ऐकतो. शाम धसईचा. त्याची आजी पन कोंबडीलाच बोलायची असल. त्याला समजलं."

"आणि शेठ?"

"शेठ कल्यानचा." ठमीने खेदाने मान हलवली. "त्याला बोकाच दिसला."

दिपाली उंबराकडे गेली. तिला वाटलं तसा शाम तिथेच होता, हातात न पेटवलेली सिगारेट. ती त्याच्या शेजारी उभी राहिली.

"रेड ऑक्साइड," ती म्हणाली. "कपाटाची किल्ली तुमच्याकडे. हातगाडीचीही. शुक्रवारी तुम्ही एकटे आलात, ट्रॉलीवरून डाय हातगाडीवर सरकवली आणि इथे आणलीत. देवाच्या दगडाला कोणी हात लावणार नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं."

शामने सिगारेट मोडली. "तुम्हाला काय वाटतं, मी चोर आहे?"

"नाही. तुम्हाला शेठशी बोलता येत नाही, एवढंच मला वाटतं."

शाम भंगारावर बसला आणि त्याच्या तोंडून सगळं एका दमात बाहेर पडलं. तो तीनदा केबिनमध्ये गेला होता. एकदा शेठ फोनवर ओरडत होते, म्हणून तो पंख्याचं बटण बंद करून आला. दुसऱ्यांदा शेठनी विचारलं, 'काय, सगळं ठीक?' आणि याच्या तोंडून निघालं, 'एकदम ठीक.' तिसऱ्यांदा, डाय लपवल्यावरही, झाडू. त्याआधी ठमीचा आवाज रोज चढत होता. डाय नाही म्हणजे प्रेस बंद, प्रेस बंद म्हणजे हात शाबूत. तेवढ्या दिवसांत क्लचचा पार्ट कसातरी मागवायचा आणि मग भंगारात डाय 'सापडवायची', असा त्याचा बेत होता.

"महिपतचं असं होईल हे डोक्यातच आलं नाही हो. तो बिचारा झोपला होता, त्याला काय ठाऊक..."

"तो झोपला नव्हता."

शामने वर पाहिलं.

"'परका माणूस आला नाही,' असं सांगितलं त्याने मला. 'बाहेर काडी गेली नाही.' दोन्ही खरं. तुम्ही परके नाही आणि डाय बाहेर गेली नाही. त्याने तुम्हाला हातगाडी ढकलताना पाहिलंय, शामभाऊ. तुमचं नाव घेतलं असतं तर त्याची खोली वाचली असती. शनिवारपासून तो गप्प आहे."

शामने मोडकी सिगारेट भंगारात टाकली. मग उठला, शर्ट पँटमध्ये नीट खोचला आणि केबिनच्या दिशेने चालू लागला. मध्येच तो थांबला. दिपालीला वाटलं, गेले झाडू आणायला.

पण तो फक्त घाम पुसायला थांबला होता.

६

केबिनचं दार उघडंच होतं. बाहेर हळूहळू सगळा कारखाना जमा झाला.

"शेठ, डाय मी लपवली," शाम म्हणाला.

वल्लभशेठनी कॅल्क्युलेटर खाली ठेवला.

"प्रेस डबल पडते. क्लच गेलाय. कोणाचा तरी हात जाणार होता. तुम्हाला सांगायला तीनदा आलो आणि तीनदा परत गेलो. महिपतचा काही दोष नाही. काढायचं तर मला काढा, पण प्रेस तशीच चालवू नका."

शेठचा चेहरा लाल झाला. "माझ्या कारखान्यात माझीच डाय चोरतोस? आणि प्रेस डबल पडते म्हणे! मी रोज बघतो, मला कधी दिसली नाही. चल, दाखव!"

सगळी वरात प्रेसपाशी आली. भगीरथने रिकामी प्रेस चालू केली आणि पेडल दाबलं. ठोकळा आला, वर गेला. पुन्हा दाबलं. पुन्हा तसंच. दहा-बारा वेळा झालं, प्रेस शहाण्या मुलीसारखी वागत होती.

"कुठे आहे डबल?" शेठ पुढे वाकले. त्यांनी बोट दाखवायला हात आत घातला. "इथे बघा, किती आरामात..."

"शेठ!" सावळी किंचाळली. सासूसमोर कधी मान वर न करणारी ती सून. तिने शेठचा सदरा धरून त्यांना मागे खेचलं.

ठोकळा खाली आला. पेडलवर कोणाचाही पाय नव्हता.

 शेठ स्वतःच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून हलवून बघत होते. मग त्यांनी मेन स्विच स्वतः पाडला.

"क्लच येईपर्यंत ही बंद," ते कोरड्या आवाजात म्हणाले. "पुढे जाळीपण लावा. शाम, क्लच आणायला तूच जायचं ठाण्याला. उद्याच." मग आठवून, "डाय कुठे आहे?"

"उंबराखाली. टोकाला. लाल आहे ती."

वल्लभशेठना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ते आधी गोरेमोरे झाले, आणि मग पोट धरून असे हसले की ट्रॉलीचा आधार घ्यावा लागला. "तीन दिवस शोधतोय, आणि तिच्याच पाया पडून तिलाच मागतोय मी! कोणी सांगितलं का नाही रे?"

 शेठचं हसू ओसरलं. त्यांनी त्या सगळ्या चेहऱ्यांकडे एकेक करून पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. "आणखी काय काय सांगितलं नाही?"

पहिल्यांदा भगीरथ बोलला, ओव्हरटाइमवर. मग सावळी म्हणाली, बायकांच्या संडासाला कडी नाही, एकीला बाहेर उभं राहावं लागतं. मग पॉलिशची धूळ आली, पिण्याच्या पाण्याची टाकी आली, बंद पडलेला पंखा आला. पॅकिंगवाला लडकू म्हणाला, खोक्यावर ताटाचं चित्र उलटं छापलंय, दोन वर्षं झाली. शेठ "थांबा, थांबा" म्हणत होते आणि थांबायला कोणीच तयार नव्हतं. शाम मध्येच म्हणाला, "शेठ, पंखा मीच सांगणार होतो." शेठचा डबा टेबलावर गार झाला. साडेचारची शहापूर एसटी निघून गेली आणि दिपालीने तिच्याकडे पाहिलंही नाही.

ऊन उतरलं तेव्हा शेठ गेटकडे निघाले. एकटेच.

महिपतने खोली आवरून ठेवली होती. वळकटी दोरीने बांधून दारात, तिच्यावर स्टोव्ह आणि दोन पातेली. उंबऱ्यात कविता बसली होती, मांडीवर गणिताचं पुस्तक.

शेठ त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले.   मग वळून त्यांनी गेटचं कुलूप ठीक आहे का ते बघितलं.

"महिपत."

"जी शेठ."

"ते... शनिवारी मी जे बोललो..." त्यांनी कुलूप पुन्हा ओढून बघितलं. "चुकलं माझं. तू इथेच राहायचंस."

महिपतने वळकटीची गाठ सोडायला घेतली. घट्ट बसलेली गाठ सुटेना. शेठ खाली वाकले आणि दोरीचं दुसरं टोक ओढू लागले.

"शेठ," कविता म्हणाली.

"काय गं?"

"जरा बाजूला व्हा ना. उजेड अडतोय."

शेठ बाजूला झाले.